आजीले समजला तं धडा पास

खिचडीच्या गंजाले, म्हणजे मोठ्या पातेल्याले, बुडाशी खरवड धरते. रोज खरडा, रोज नवीन धरते. शाळेतल्या किश्शायचंही तसंच हाये बाप्पा!

मी तुमसरकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. शिकली तिसरीपर्यंत, तेही रडत रडत. अन इंग्रजीचा अभ्यासक्रम पास-नापास कोण करे? मी!

झालं असं, शिक्षण खात्याच्या साहेबानं आमच्या वनिता मॅडमले पहिली-दुसरीच्या इंग्रजीचे नवीन धडे लिहाले सांगतले. गावच्या पोट्ट्यायले समजन असे. मॅडमनं वही केली. नियम एकच, धडा आधी चुलीपाशी येऊन मले आयकवाचा. मॅडम म्हणे, "आजीले समजला तं पोट्ट्यायले समजन." समजला का बरोबरची खूण, नाही समजला का काट! साहेबाले वही पसंत पडली तं जिल्हाभर जाणार होती. नाही तं मॅडमची दोन सालाची मेहनत चुलीत. अन चूल तं माहीच!

*

पहिल्या धड्यात मराठी बोलाचंच नाही, करून दाखवाचं. मॅडम म्हणे, "जम्प!" अन उडी मारली.

मले पहिल्याच उडीत समजलं. पण मी म्हटलं, "नाही समजलं बाई."

दुसरी उडी.

"आता थोडं थोडं समजून राहिलं."

सहाव्या उडीले हेडमास्तर बाहेर आले. "मॅडम, हे काय करून राहिल्या?"

मॅडमले दम लागलेला. "अभ्यासक्रम, सर!"

*

जुन्या पुस्तकात घराचं चित्र होतं. छपरावर धुराडं, त्यातून धूर. पहिलीतली कौशी उभी राहिली. "मॅडम, याहिच्या घरी सैपाक छपरावर करते का?"

मॅडमनं ते चित्रच काढून टाकलं. सोताच्या हातानं कवेलूच्या छपराचं घर काढलं, अंगणात बैल बांधला, अन मले दाखवाले आल्या.

मी इतकंच म्हटलं, "बैल झकास हाये. दूध किती देते?"

तीन दिवस बोलल्या नाही माह्याशी! चौथ्या दिवशी नवीन बैल घेऊन आल्या. त्याचे शिंगं पाहून मीच मांगं सरकली.

*

मंग इंग्रजीत वस्तू मागाचा धडा आला. "प्लीज गिव्ह मी खिचडी" म्हटल्याबिगर कोणाले वाढाचं नाही, मॅडमचा हुकूम. हेडमास्तर ताट घेऊन आले. मी पळी वरच धरली.

"सर, इंग्रजीत."

"अवो आजी, मी हेडमास्तर आहे!"

"मी कुठी नाही म्हणते? पण वहीत लिवलं हाये न."

सर घामाघूम. मांगून कौशीनं हळूच सांगतलं, "सर, पहिले प्लीज म्हणा. मंग सोपं जाते."

*

एक दिवस घरच्या माणसायच्या नावाचा धडा आला. पोट्ट्यायले बापाचं नाव पुसाचं, मले मॅडमनं पुसलं, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

समजलं. सारं समजलं! पण लग्नाले पन्नास साल झाले, बुढ्याचं नाव म्या तोंडातून काढलं नाही. राशनच्या दुकानातही कार्डावर बोट ठेवते. अन बुढे तं तिथंच, चुलीसाठी सरपण फोडून राहिलेले! त्याहिच्या तोंडावर कसं घेऊ बाई?

मी खिचडी ढवळत राहिली. मॅडमनं तीनदा पुसलं. मंग सुस्कारा टाकून वहीत काट मारली, अन लिवलं, "आजीले समजला नाही."

बुढे गालातल्या गालात हासत होते, मेले!

*

साहेब आले त्या दिवशी मॅडमनं सकाळपासून पाणीही नाही पेलं. साहेबानं वही चाळली अन नेमके त्या काट मारलेल्या धड्यावर थांबले.

"इतका सोपा धडा आजीला समजला नाही? मग बाकीचे कसे समजले? या खुणा मला खोट्या वाटतात. बोलवा त्या आजीला."

मी पदराले हात पुसत वर्गात गेली. साहेबानं वहीत पाहून तोच सवाल केला, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

मॅडम खाली पाहून राहिल्या. खिडकीबाहेर बुढे, डोक्यावर सरपणाचा भारा.

म्या पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, अन जोरानं म्हटलं, "माय हजबंड्स नेम इज डोमाजी!"

साहेब मॅडमकडं वळले. "पाठ करून घेतलं वाटतं? डोमाजी नावाचा कोणी आहे तरी का?"

खिडकीबाहेर भारा धपकन पडला. अन तिथूनच आवाज आला,

"प्रेझेंट, सर!"