चित्रातली चौथी

"सगळे आले ना? मागे कोणी राहिलं तर नाही?"

जिन्याच्या प्रत्येक वळणावर काका थांबत, वळत आणि बोटानं माणसं मोजत. पाचच जण असले तरी दोनदा मोजत. उत्तरेतल्या आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या छोट्या संग्रहालयात ते गाइडचं काम करायचे आणि मी कार्यालयात नोंदी ठेवायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघणारी. आम्ही हसायचो.

वरच्या दालनात रोमन पुराणातल्या प्रसंगाचं मोठं तैलचित्र आहे. शहर जळतंय. एनियस नावाचा वीर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालाय, लहान मुलाचं बोट धरलंय. लोक विचारत, "भैया, ये श्रवणकुमार हैं क्या?" बाकीचे गाइड हो म्हणून मोकळे होत. काका म्हणत, "हाँ, वैसे ही हैं. पर पीछे देखिए."

मागे, धुराच्या काळपट रंगात, एक बाई आहे. वीराची बायको, क्रेउसा. त्या पळापळीत ती हरवते.

चित्राखाली नवी पाटी लावायची ठरली. मी मजकूर लिहिला : 'वृद्ध पित्याला जळत्या शहरातून वाचवणारा वीर.' काकांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"ताई, हिचं नाव तर राहूनच गेलं."

"काका, चित्र बापाला वाचवण्याचं आहे. ती तर धड दिसतही नाही."

"दिसत नाही, म्हणून तर लिहायचं. याची मान बघा, कशी पुढे काढली आहे. एकदा पण पलटून बघितलं नाही यानं."

"कथेत जातो ना तो परत, तिला शोधायला."

"जातो. पण मिळत नाही." ते पुन्हा चित्राकडे वळले. "गावात आग, आणि एकटी बाई. रस्ता कोणाला विचारत असेल हो?"

ते चित्राबद्दलच बोलताहेत, असं मला वाटलं. साहेबांनी दोनच ओळी मंजूर केल्या. त्यात क्रेउसा बसली नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी, पर्यटकांना तेच चित्र समजावत असताना काकांचा फोन वाजला. त्यांच्या घराजवळून, हरिशंकरपुरमहून, शेजारीण बोलत होती. काकू दार उघडं टाकून कुठे तरी निघून गेल्या होत्या. वाक्य अर्धं टाकून काका जिना उतरले. मी माझी स्कूटर काढली.

मागे बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. दोन वर्षांपासून काकू विसरत होत्या. आधी गॅस, मग नातेवाईक, आता घराचा रस्ता.

"कोणाला बोललो नाही, ताई. बोललं की खरं होऊन जातं."

पाटणकर बाजारात त्या भाजीला जायच्या, म्हणून तिथे दुकानादुकानात विचारलं. "नीली साड़ी, चश्मा. देखा क्या इनको?" मोबाइलवरचा फोटो दाखवताना काकांचं बोट घाईत सरके आणि भलताच फोटो पुढे येई. दुकानदार माना हलवत. दिवस कलायला लागला होता.

अचानक काकांनी माझा खांदा धरला. "बिर्ला नगर! तिचे वडील गिरणीत होते. लहानपणीचं घर तिकडे आहे."

एका जुन्या क्वार्टरच्या ओट्यावर काकू बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात मटार. घरातली सून म्हणाली, "आंटी कह रही थीं, ये इनका घर है. अकेले कैसे जाने देते?"

काका त्यानंतर कामावर आले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या ओट्यापाशी.

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"कोण पाहिजे? बाबा ड्यूटीवर गेलेत."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. काकांनी चपला काढल्या, पायरीवर बसले, श्वास सावरला.

"थांबतो की," ते म्हणाले. "येऊ देत त्यांना."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि ताट थोडं त्यांच्याकडे सरकवलं.