चष्मेमामांच्या वडिलांची जागा

चष्मेमामांना मी भलत्याच माणसांत नेऊन उभं केलं, आणि तेही छाती पुढे काढून. मामांचे वडील अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले. त्यांच्या मातीला कुठे जागा मिळेल, याचा मामांना घोर लागला होता. मी म्हटलं, "काळजी कसली करता? तुमच्या लोकांचा संघ आहे, त्यांची दफनभूमी आहे. चला!" आणि त्यांना थेट चिनी संघाच्या कार्यालयात नेलं.

तिथल्या सेक्रेटरींनी मामांचा चेहरा बघितला आणि तोंड भरून चिनीत स्वागत केलं. मामांनी नुसतीच मान डोलावली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "माझे आजोबा व्हिएतनामी होते."

"अहो, मग आधी बोलायचं नाही का?"

"तुम्ही इतके रंगात आला होतात. म्हटलं, असेल काही ओळख."

वर्षानुवर्षं मी मामांच्या चष्म्यांच्या दुकानात गप्पा छाटतो, पण हे कधी विचारलं नव्हतं. फ्रेमा येतात त्या सगळ्या उंच नाकांसाठी. मामांच्या नाकावर एकही ठरत नाही, म्हणून स्वतःच्या फ्रेमला ते रबराचे जाड तुकडे चिकटवतात. नवं गिऱ्हाईक हमखास शाबासकी देतं, "आमची भाषा छान बोलता हो!" मामा 'थँक्यू' म्हणतात. दुसरी कुठली भाषा त्यांना येतच नाही. आजोबा जहाजावर आचारी होते. इथे उतरले, ते इथलेच झाले. निदान त्यांना तसं वाटलं.

व्हिएतनामी संघ म्हणावा, तर गावात मामा आणि त्यांचे वडील, एवढाच. उरली मामांच्या आईची माणसं, म्हणजे आम्ही. आई आमच्याच दफनभूमीत, आमच्या घराण्याच्या राखीव जागेला लागूनच आहे आणि तिच्या शेजारी जायचं, हा म्हाताऱ्याचा एकच हट्ट. तिथला विश्वस्त माझा मावसभाऊ. मामांनीच बनवलेला चष्मा नाकावर सारत तो म्हणाला, "मामा, तुम्ही आमचेच हो! पण वडील... चार लोक काय म्हणतील? त्यांच्या लोकांत बघा ना."

"त्यांचे लोक म्हणजे मीच."

"तेच तर!" म्हणत भावानं चहा मागवला. चहा मात्र फक्कड होता.

दुकानात पाऊल टाकतो न टाकतो, तोच मागच्या खोलीतून म्हाताऱ्याची हाक आली, "जमलं का रे?"

"जमलं, बाबा. आईच्या शेजारीच."

"बघ! मी म्हणत नव्हतो, आपलीच माणसं आहेत ती?"

मामा काउंटरवर येऊन कुणाचा तरी चष्मा पुसत बसले. काच झिजायची वेळ आली, तरी हात थांबेना. मला राहवलं नाही.

"मामा, मनाला लावून घेऊ नका. मी तर तुम्हाला घरचेच समजतो."

मामांनी चष्मा उजेडात धरून पाहिला.

"मग तुमच्या घराण्याच्या राखीव जागेत घ्या त्यांना."