नको म्हणणारं बटण

आमच्या ऑफिसात तिला सगळे मेनूबाई म्हणतात. वेबसाइटच्या वरच्या पट्टीत जी बटणं असतात, ती आखणं आणि हलवणं हे तिचं काम. बोट टेकलं की बटण किंचित दबतं, रंग बदलतं आणि त्याच्या पोटातून आणखी बटणं हळूच सरकत बाहेर येतात. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. मेनूबाई त्या सरकण्यावर आठवडा घालवते, आणि साहेबांनी घाई केली तर त्यांच्याकडे अशी बघते की साहेबच गुपचूप केबिनमध्ये परततात.

तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. माणूस मुलखाचा बडबड्या, वर भांडकुदळ. आता तोंडातून नुसता हुंकार. मान एकीकडे कललेली, ती हलवली तरी हो की नाही ते कळत नसे. डाव्या हाताचं बोट तेवढं शाबूत होतं. मेनूबाईने लांब रजा टाकली आणि त्या बोटासाठी टॅबलेटवर मेनू बनवला. पाणी, पंखा, औषध, कूस बदल. दाबलं की बटण फुगायचं आणि टॅबलेट तो शब्द मोठ्याने बोलायचा.

मेनू झकास चालला, वडील मात्र चिडके होत गेले. पाणी दाबायचे आणि पाणी आणलं की तोंड फिरवायचे. आईचं म्हणणं पडलं की डोक्यावर परिणाम झालाय. मेनूबाईने बटणं मोठी केली, रंग भडक केले. दुसरं काही तिला सुचण्यासारखं नव्हतंच.

एका दुपारी ती त्यांना भरवत होती. आणखी देऊ का, असं विचारल्यावर त्यांचं बोट सगळ्या मेनूवरून फिरलं, थबकलं आणि रागारागाने ‘औषध’वर आपटलं. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या धंद्यात प्रत्येक बटण माणसाला कुठेतरी नेतं. नकार देणारं बटण वरच्या पट्टीत आजवर कुणी मागितलेलं नाही, म्हणून तिने ते बनवलंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ‘नको’ तयार झालं. दाबलं की ते मान हलवल्यासारखं डावी-उजवीकडे हलायचं. वडिलांनी आल्यागेल्या प्रत्येकाला नको म्हणून घेतलं आणि कित्येक दिवसांनी हसले. आधीचंच बरं होतं, असं आई म्हणाली.

मग भाऊ आला. आईवडिलांना तो स्वतःच्या घरी नेणार होता. खोली रंगवून झाली होती, देखभालीला बाई ठरली होती, आईही तयार होती. मेनूबाईची रजा संपत आली होती आणि साहेबांनी मोठं काम तिच्यासाठी अडवून धरलं होतं. “मला ते जायला हवेत,” ती मला फोनवर म्हणाली होती. “बोलताना लाज वाटते, पण हवेत.”

भावाने पलंगाशी बसून सगळं समजावलं. वडिलांनी ‘नको’ दाबलं. चुकून लागलं असेल म्हणून त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नको’.

भावाने बहिणीला स्वयंपाकघरात नेलं. “ते बटण काढून टाक. त्यांना काय कळतंय? तुलाही सुटका हवीच आहे ना?”

“हवी आहे,” ती म्हणाली. “पण बटण राहू दे.”

भाऊ एकटाच परत गेला. मोठं काम दुसऱ्या कुणाच्या पदरात पडलं. मेनूबाई घरूनच जमेल तेवढी किरकोळ कामं करू लागली. एकदा तिचा तोल सुटला आणि तिने वडिलांना विचारलं, निदान माझ्यासाठी तरी जायचं होतं ना? त्यांनी तिच्याकडे बघत ‘नको’ दाबलं. बटण सावकाश मान हलवत राहिलं.

“राग आला, रडू आलं,” तिने मला सांगितलं, “आणि ते जरा जास्तच वेळ हलतं, हेही दिसलं.”

दुसऱ्या दिवशी तिने ते हलणं कमी केलं. दिवसभर तेच बटण दाबणाऱ्या माणसाला ताटकळत कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं.