बेलभंडारा न उचललेली पोरगी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यातून गेली. कोण आत गेलं, कोण सुटलं, काय बी ध्यानात नाय. पण कॉलेजच्या एका पोरीचं प्रकरण हाय, ते जसंच्या तसं डोळ्यापुढं येतं.

मी सातवी शिकलेली बाई. मालक पोलिसात शिपाई होते. बंदोबस्ताला जाताना गाडी उलटली, त्यात ते गेले. त्यांच्या जागेवर मला घेतलं. दोन लेकरं सासूपाशी ठेवून मी खाकी घातली. ठाण्यात मी एकटीच बाई. बंदोबस्ताला दिवसभर उभं राहायचं, आन् बायामाणसाला आडोसा नाय म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाय. कुणाला सांगायचं? सांगायची रीतच नव्हती. तशीच हवालदार झाले, तशीच रिटायर झाले.

शहराला तवा औरंगाबादच म्हणायचे. आमच्या ठाण्याच्या हद्दीत, फुलंब्रीच्या पुढं एका गावात तिथल्या विद्यापीठाच्या पोरापोरींचं सेवा शिबिर लागलं होतं. मुक्काम गावच्या शाळेत. सकाळी बंधाऱ्यावर श्रमदान, दुपारनं घरोघर जाऊन बायांना लेकरांच्या लशीचं समजून सांगायचं.

एक दिवस दुपारी पोलीस पाटलाची वर्दी आली. शिबिरातल्या पोरीनं एका म्हातारीची गळ्यात घालायची सोन्याची एकदाणी चोरली, गाव शाळेपुढं जमलंय, लवकर या. फौजदार साहेब म्हणाले, "बाई, चला. मुलीचं प्रकरण हाय, तुम्ही पाहिजेच."

जाऊन बघतो तर मैदान माणसांनी भरलेलं. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी. ओढणी कमरेला गुंडाळलेली. शाळेच्या पायरीवर एक ताट, त्यात बेलाची पानं आन् हळदीचा भंडारा.

फिर्याद म्हातारीच्या लेकाची होती. मेंढरं राखणारं घर, थोडी शेती. तो म्हणाला, "साहेब, आमच्या घरात आज दुसरं कोण बी आलं नाय. ही एकटीच आली व्हती, शेजारणीनं बघितली. मी म्हणलं, चोरी नसंल केली तर उचल बेलभंडारा. तर हिनं हात मागं घेतला! साऱ्या गावानं बघितलं. आता अजून काय पुरावा पायजे?"

तिकडं खंडोबाचा भंडारा हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाय. खोटी शपथ घेतली तर वंश बुडतो म्हणतात. कोर्टात बिनदिक्कत खोटी साक्ष देणारा माणूस बी भंडाऱ्यापुढं कापतो. त्यामुळं पोरीनं हात मागं घेतला तिथंच गावाचा निकाल झाला होता.

शिबिराचे मुख्य प्राध्यापक घामाघूम. म्हणाले, "बाई, आमचा नियम आहे. दोघी-दोघींनी जायचं, एकटीनं कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. हिनं तो मोडला. आता मी विद्यापीठाला काय तोंड दाखवू?"

मी विचारलं, "तुमच्या बाईमास्तर कुठं हायत?"

"मॅडम काल घरी गेल्या. मूल आजारी होतं त्यांचं. उद्या येतील."

"म्हणजे एवढ्या पोरींत एक बी मोठी बाई नाय?"



तेवढ्यात कुणीतरी मोटारसायकलवरनं पोरीच्या बापाला घेऊन आलं. त्यांचं गाव जवळच होतं. ते घर बी मेंढरं राखणारंच, आन् कॉलेजात गेलेली ही पहिलीच. बापानं आल्या आल्या विचारपूस केली नाय. "पोलिसाची गाडी दारात आणायला शिकवलं व्हय तुला? चल घरी. बास झालं कॉलेज. पुढच्या लगनसराईत उजवून टाकतो."

पोरीनं मान वर केली नाय. पण बोटं अशी वळली, की मला वाटलं, सोनं राहिलं बाजूला, हिचंच सारं जातंय आता.

साहेबांनी विचारायला सुरुवात केली. "त्या घरात का गेली होतीस?" गप. "भंडारा का नाय उचलला?" गप. तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा सरांकडं, एकदा पोरांच्या घोळक्याकडं. कुणी खुर्ची दिली तरी बसली नाय.

मी साहेबांना म्हणलं, "पोरगी जरा माझ्याकडं द्या. आत वर्गात घेऊन जाते."

"बाई, बयान घेणार का ओव्या गाणार?"

"दोन्ही येतंय साहेब मला."

वर्गात दार लोटलं. म्हणलं, "बस."

"नको."

"डाग पडलाय का?"

तिथं तिचा बांध फुटला. लई रडली. रडू दिलं.

"मावशी, सकाळी बंधाऱ्यावर दगड उचलताना पाळी आली. मॅडम नव्हत्या. शाळेचा संडास पोरांचा बी तोच, त्याला कडी नाय. सरांना काय सांगू? त्या आजीच्या न्हाणीला दार व्हतं. मी म्हणलं, आजी, जरा जाऊ का? आजीनंच जुनं लुगडं फाडून दिलं मला."

"संगं मैतरीण का नाय नेली?"

"कुणाला कळू नये म्हणून."

"आन् भंडारा?"

"आमच्या घरात बी खंडोबाच हाय मावशी. असल्या दिवसांत देवाचा भंडारा कसा उचलू?"

"मंग सांगायचं की तसं."

"कुणाला सांगू? पुढं सगळी गडीमाणसं. त्यात बाप."

मी साहेबांच्या कानावर एवढंच घातलं, पोरगी चोर नाय, मला म्हातारीकडं जाऊ द्या. ते म्हणाले, जा.

म्हातारी घरात विझल्या चुलीपुढं बसली होती. एकदाणी गेलेली बाई अशी बसत नाय. ती उर बडवते, चोराच्या सात पिढ्या उद्धरते. ही मुकी होती.

मी शेजारी बसले. म्हणलं, "आत्या, तुमच्या लुगड्याचा तुकडा हाय त्या पोरीपाशी. तिनं भंडारा का उचलला नाय, हे साऱ्या गावात एकट्या तुम्हाला ठाव होतं."

तिनं चुलीतली राख मागं सारली. मंग म्हणाली, "एकदाणी माझ्या आईची. माझ्या लेकीचं ऑपरेशन हाय, तिला दिली. ल्योक भांडला असता म्हणून सांगितलं नाय. आज त्यानं पेटी उघडली आन् वरडाय लागला. शेजारीण म्हणली, कॉलेजची पोरगी आली व्हती. मी काय त्या लेकराचं नाव घेतलं नाय, बाई."

"नाव नाय घेतलं. पण दुसऱ्यांनी आळ घातला, तो तुम्ही घालू दिला."

मी तिला दटावलं नाय, दंडाला धरून नेलं नाय. उठून बाहेर आले. पाठीमागं हंड्यातलं पाणी ओतल्याचा आवाज आला. म्हातारीनं हातपाय धुतले, डोक्यावर पदर घेतला आन् माझ्या आधी शाळेकडं चालायला लागली. पायरीवरच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला.

"एकदाणी मी लेकीला दिली, तिच्या ऑपरेशनला. ही पोरगी न्हाणी मागाय आली व्हती. तिला भंडाऱ्याला शिवायचं नव्हतं, बाईचं कारण व्हतं. मला ठाव व्हतं आन् मी गप बसले."

मंग कडेला उभ्या असलेल्या बायांतली एकजण खेकसली, "आम्हाला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं! शपथ घालाय लई पुढं, मेले!"

ल्योक तरातरा पायरीकडं आला. आता हा आईच्या अंगावर धावतो का काय म्हणून मी मधी झाले. तर तो म्हणाला, "आये, आक्काचं ऑपरेशन कदी हाय? मला कुणी सांगितलंच नाय."

गुन्हा दाखल झाला नाय. जबाब घेतले, स्टेशन डायरीला नोंद केली. पण बापाचं तेच, पोरीला घेऊन जातो. मी प्राध्यापकांना त्याच्यापुढंच विचारलं, "सर, पोरीनं नियम मोडला, कबूल. शाळेच्या संडासाला कडी नाय, म्हणून मोडला. पण बाईमास्तर शिबिरात राहिलीच पायजे, हा बी नियम असंल ना?"

"आहे."

"मंग तो कुणी मोडला?"

सर बापापुढं गेले आन् हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. तिला घेऊन जाऊ नका." साहेब म्हणाले, "मॅडम येईपर्यंत बाईंची ड्यूटी इथंच."

बाप उठून गावात गेला. मला वाटलं, गाडी बघायला गेला. तर दुकानातनं कडी आन् खिळे घेऊन आला. कुणाचा तरी हातोडा मागितला आन् संडासाच्या दाराला कडी ठोकली. दोनदा लावून बघितली. मंग लेकीकडं न बघताच म्हणाला, "शिबिर झालं की घरी येऊन जा. मंग कॉलेजला जा." त्याच्यानं तेवढंच झालं. लई झालं.

पुढं विद्यापीठानं साहेबांना बैठकीला बोलावलं, साहेबांनी मला संगं नेलं. बदली बाई आल्याबिगर बाईमास्तरनं शिबिर सोडायचं नाय. कडीचा संडास नसंल त्या गावात पोरींचा मुक्काम नाय. पोरीवर आळ आला तर तिला चारचौघांत उभं करायचं नाय, आधी बाईनं एकटीला विचारायचं. हे तिथं ठरलं. नियम करणारे पोरींनी काय करायचं ते आधी लिहितात, आपण काय करायचं ते मागून आठवतं त्यांना.

मला त्या प्रकरणानं एक शिकवलं. माणूस गप बसला की आपण म्हणतो, गुन्हा कबूल. त्या दिवसापासनं ठाण्यात कुणी गप उभं राहिलं की मी त्याच्या तोंडाकडं नंतर बघायची. आधी बघायची, त्याच्यापुढं कोण कोण उभं हाय.