बोटीच्या आतून कोणीतरी ठोकत होतं

आधीच सांगते, मी चेंबूरची, बौद्ध घरातली. नजर, करणी, अंगारे-धुपारे असलं काही तोंडातून निघालं तरी आमचे आजोबा झापायचे. त्यामुळे हे मी लिहितेय याचं मलाच नवल वाटतंय...

माझा नवरा नीलेश कर्ली नदीकाठचा. त्याला एकच वेड — जुनी लाकडी मोटरबोट घ्यायची, गावी नेऊन दुरुस्त करायची आणि आमच्या ओवीला नदीत फिरवायचं. ओवी पहिलीत. पोहायला तिलाही येत नाही, मलाही नाही. मी म्हटलं, "फायबरची घे ना यार!" तर म्हणे, "त्यात काय मजा?" झालं! बऱ्याच बोटी नापसंत केल्यावर खारदांड्याला एका कोळी मावशींच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक सागवानी सापडली. नीलेश पाघळलाच.

अशी बोट घेण्याआधी फटी तपासायची त्याची एक रीत आहे. वर ताडपत्री टाकून एकानं आत अंधारात बसायचं. दुसऱ्यानं बाहेरून फळ्यांवर बॅटरी फिरवायची. आत उजेड दिसला की आतल्यानं ठोकायचं, बाहेरच्यानं तिथे खडूनं खूण करायची.

भर दुपार होती. मावशी शेडच्या दारात कोळंबी सोलत बसलेल्या. "मी आत शिरतो, तू सुरू कर," नीलेश म्हणाला. मी पिशवीतून बॅटरी आणि खडू काढून वळले, तर तो दिसेना. शिरला असणार. बॅटरी फिरवली... टकटक. खूण केली. पुढे सरकले... टकटक. झकास चाललं होतं. मग मागच्या टोकाला तळाशी उजेड नेला आणि आतून धाडधाड सुरू झालं. थांबेचना!

"अरे हो रे, कळलं! फोडतोस काय?" मी ओरडले.

"कोणाला बोलतेस गं?"

नीलेश माझ्या मागे. हातात मोबाइल. फोन आला म्हणून बाहेर गेलेला!

मी खडू बोटीकडे रोखला, "मग आत कोण ठोकतंय?" त्यानं ताडपत्री खेचली, आत कोणी नव्हतं. मावशी म्हणाल्या, "मी इथंच हाय. आत कोन नाय गेला."

"उंदीर असेल," नीलेश म्हणाला.

"उंदराला हा खेळ कोणी शिकवला रे?"

माझ्या प्रत्येक खुणेवर खरंच फट होती. फक्त मागची ती फळी धडधाकट दिसत होती. त्यानं बोट घेतलीच. गावी गेल्यावर मी हट्टाला पेटले, ती फळी काढल्याशिवाय ओवी बोटीत पाय ठेवणार नाही. भांडण झालं, अबोला झाला. शेवटी चरफडत त्यानं फळी उचकटली. पोटात नुसता भुसा! रंगाच्या थरावर टिकून होती. इंजिनाच्या हादऱ्यानं भर नदीत सुटली असती. नीलेश त्याच दिवशी नवीन फळी आणायला गेला.

आता नवीन फळी आहे, बोट मस्त चालते. तेव्हा आत कोण होतं, मला आजही कळलेलं नाही. त्याला आमचं वाईट करायचं नव्हतं, एवढं मानते. पण खारदांड्याला आम्ही बोट तशीच उचलून टेम्पोत घातली. आतल्याला कोणी उतर म्हटलंच नाही... ओवी नदीवर गेली की मी काठावर उभी राहते आणि भीती वाटते ती पाण्याची नाही. तिच्या बाजूला कोण बसलंय, याची वाटते.