पावसातली लाल मोटार

पंच्याहत्तर सालच्या आसपास सोलापुरात आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. मूळच्या मैंदर्गीच्या, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडमध्ये शिरायच्या. नवरा वारल्यावर त्याची दोन माणसांची लाल स्पोर्ट्स मोटार त्या स्वतः चालवू लागल्या. पदर कमरेला खोचलेला आणि पाय अनवाणी. “चपलेतनं गाडी कळत न्हाय,” म्हणायच्या. आणि पाऊस लागला की हमखास बाहेर पडायच्या. हे मात्र कुणालाच उमगत नसे.

एकदा त्यांनी मला शेजारी बसवलं. अक्कलकोट रोड चिंब भिजला होता. एका वळणावर मोटारीचं मागचं अंग एकदम डावीकडे सरकलं.

“ब्रेक, अक्का!” मी किंचाळले.

त्यांनी ब्रेकला पायही लावला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल केला, मागचं अंग जिकडे चाललं होतं तिकडेच स्टिअरिंग वळवलं आणि गाडी सरळ झाली. मग कडेला थांबवून त्या काचेवरचं पाणी बघत राहिल्या.

“हिला मागच्या चाकांचा जोर हाय. ब्रेक दाबला की गरकन फिरती. ह्यांनीच शिकवलं की,” त्या म्हणाल्या. “गाडी अशी घसरली की ह्यांचा आवाज येतोय बघ. ‘ब्रेक नको, ब्रेक नको!’ आज तू वरडलीस, म्हणून ऐकूच आला न्हाय.”

त्यांनी गाडी सुरू केली. पुढचं वळण आलं तरी वेग कमी केला नाही. मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली आणि तोंडातून शब्द काढला नाही.