कंटेनरच्या दारातले तांदूळ

अम्मी म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. खरं तर ती डोक्यात आहे. माल कारखान्यातून निघाला की मला चैन पडत नाही. जहाज कुठवर पोचलं ते मोबाइलवर दिसतं, आणि मी ते सतत बघते. पौडच्या बाजारात भाजी घेताना बघते, स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवून बघते. निळ्या पाण्यावर एक ठिपका असतो. तासाभराने पाहावं तर तिथंच. मला त्या ठिपक्याचाच राग येतो.

उरवड्याच्या ज्या कारखान्यात मी निर्यातीचे कागद करते, तिथं दूध डेअरीच्या पाइपांना लागणारे स्टीलचे व्हॉल्व्ह बनतात. आधी ते श्रीलंकेला जायचे, मग केनियाला आणि ओमानला जाऊ लागले. टीव्हीवर दोन देशांचे मंत्री हसत हात मिळवतात, समुद्रापलीकडच्या मैत्रीबद्दल गोड गोड बोलतात, आणि इकडे माझ्या टेबलावर एक कागद वाढतो. ऑस्ट्रेलियाशी व्यापाराचा करार झाला तेव्हाही तेच झालं. जकात उतरली म्हणून तिथल्या एका व्यापाऱ्याने आम्हाला पहिली ऑर्डर दिली. माल इथंच बनल्याचा एक दाखला लागला आणि कंटेनर स्वच्छ असल्याचा दुसरा. आत माती नाही, बी-बियाणं नाही, पानं-फुलं नाहीत, असं त्यात लिहून द्यायचं. बाहेरून कीड येऊन आपली शेती बुडू नये म्हणून तिकडे फार कडक कारभार आहे. त्या कागदावर सही माझी. कंटेनर भरायच्या आधीच, सकाळीच मी ती ठोकून मोकळी झाले. वाट बघणं मला जमत नाही.

दुपारी शेवटची पेटी चढली आणि पॅकिंगच्या मावशी ताट घेऊन आल्या. आमच्या कारखान्याची जमीन आधी त्यांची होती. पॅकिंगची शेड बरोबर त्यांच्या भातखाचरावर उभी आहे. जमीन घेताना साहेबांच्या वडिलांनी त्यांना नोकरी दिली, आणि तेव्हापासून त्या पॅकिंगच्या बायकांच्या मुकादम. कुठलाही माल पहिल्यांदा नव्या देशाला निघाला की त्याला हळदकुंकू लावायचा मान त्यांचाच. साहेब नारळ फोडतात आणि फोटो काढतात.

त्या दिवशीही दारावर स्वस्तिक निघालं, झेंडूची माळ चढली. मावशींनी अक्षतांची मूठ आत पेट्यांवर उधळली. तांदूळ त्यांच्या उरलेल्या तुकड्यातला, इंद्रायणी. मग त्यांनी माझ्या हातावर चिमूटभर ठेवले.

"टाक की गं पोरी. नुसती काय बगतीयास? कागद तूच क्येलंस न्हवं?"

आमच्या घरात हे नसतं, पण इतक्या वर्षांत मी कधी मागे राहिले नाही. मी टाकले. मला फार बरं वाटलं, हेही सांगते. सकाळच्या सहीची आठवण तेव्हा माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

महिनाभर मी ठिपका बघत होते. जहाज बंदराला लागलं आणि दोन दिवसांनी मेल आला. सोबत फोटो होते. दाराच्या रबरात अडकलेले पिवळे-लाल तांदूळ, एक सुकलेली पाकळी, आणि पेटीच्या फळीवर आणखी दाणे. तिथल्या तपासणीवाल्यांनी कंटेनर अडवला होता. सगळा माल उतरवून धुरी देणार होते, आणि असं पुन्हा झालं तर पुढची ऑर्डर विसरा, असं त्या व्यापाऱ्याने स्वच्छ लिहिलं होतं.

साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. फोटो दाखवून विचारलं, "आत तांदूळ कोणी टाकले?"

मावशी लगेच पुढे झाल्या. "म्या टाकलं. येवढ्या लांब माल चाललाय, तवा टाकलं. त्यात काय चुकलं?"

"आणखी कोणी?"

मावशींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "न्हाई. मी एकलीच."

माझ्या जिभेवर शब्द आले होते. खोट्या दाखल्यावरची सही माझी होती, टाकणारा एक हातही माझा होता. मी समोरच्या पेटीवरचा पत्ता वाचत राहिले. त्यातली अक्षरं मला आजही पाठ आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मावशी कॅन्टीनला भांडी घासायला. शेडमध्ये त्यांनी पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम. ज्या जागी त्यांनी आयुष्यभर आधी भात लावला आणि मग पेट्या भरल्या, तिथून वीस पावलांवर त्या नळाखाली बसल्या. त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. उलट चहाला गेले की मलाच विचारायच्या, "सुटला का गं त्यो कंटेनर?"

कंटेनर सुटला. व्यापारीही टिकला, दुसरी ऑर्डर आली. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. जेवताना ताट सरकवायची, अम्मीवर खेकसायची, कागदावर बंदराचं नाव चुकवायची. मला माझी लाज वाटत होती आणि त्या लाजेचाही कंटाळा आला होता. शेवटी एका सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तांदूळ मीही टाकले, सही माझी होती, मावशींना परत पॅकिंगला घ्या.

साहेबांनी कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. "माहितीये. कॅमेऱ्यात दिसलं होतं तेव्हाच."

"मग?"

"मग काय? त्या व्यापाऱ्याला काहीतरी कारवाई कळवायची होती. तुम्हाला हलवलं असतं तर कागद कोणी केले असते? आता तो विषय संपला. दुसऱ्या कंटेनरचे दाखले आजच पाठवा."

मी तशीच कॅन्टीनला गेले. मावशींचे हात राखेने माखले होते. मी बाजूला बसले आणि साहेबांशी झालेलं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एक पातेलं विसळलं, पालथं घातलं.

"म्हंजी त्यास्नी पैल्यापासनं ठावं हुतं, तूबी टाकलंस म्हून?"

"हो."

"आन् मग तुला कुटं धाडलं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

मावशींनी पुढचं पातेलं ओढलं आणि घासायला घेतलं.